मागच्या बाकावरून दिसेल एवढं

"बटण छान आलंय हो," बायको म्हणाली, आणि मास्तरांच्या आत काहीतरी कचकन मोडलं. फळ्यावर भरभर लिहिताना खडू मोडावा आणि नखच फळ्यावर घासलं जावं, तसं. दुकानात गारवा होता, कोऱ्या कागदाचा नि नव्या प्लास्टिकचा वास होता. समोरच्या टेबलावर फोटो छापणाऱ्या यंत्रातून नुकताच बाहेर आलेला फोटो पसरलेला होता, छोट्या खिडकीएवढा. फोटोत त्यांची लेक निळा कोट घालून कुठल्याशा तळ्याकाठी उभी होती. तिच्या कडेवर नात होती, दोन नुकते आलेले दात दाखवत, अख्खं तोंड उघडून हसणारी. निम्मा कागद त्या हसण्यानंच भरला होता. कोटाचं बटण खाली होतं, डाव्या कोपऱ्याजवळ. बायको टेबलावर इतकी वाकली होती की तिचं नाक कागदाला टेकायला आलं होतं.

"बघा काकूंची नजर!" दुकानदार खूश झाला. तो पोट सुटलेला, बोलका माणूस होता. चष्मा कपाळावर चढवून तो तिथेच विसरायचा. "बटणाच्या भोकातला दोरा दिसतोय की नाही काकू? मोजा, टाके मोजा! काका, हे या मशीनचं वैशिष्ट्य. लहान मशीन असतं तर तिथे नुसता निळा गोळा आला असता."

"दिसतोय तर," बायको म्हणाली. "दोरा पांढरा आहे. कोट निळा नि दोरा पांढरा. हिला सांगायला पाहिजे, तुटलेलं बटण कसं लावायचं ते." आणि हसली. तिचं हसू बरोबर होतं, आवाज बरोबर होता, सगळं जागच्या जागी होतं. फक्त आजीनं नातीचा फोटो बघावा आणि बटणाचं कौतुक करावं, एवढंच तेवढं जागेवर नव्हतं.

मास्तरांनी पुढचे प्रश्न विचारले, कारण ते घरून ठरवून आणले होते. शाई कुठली? दुकानदारानं दोन प्रकार सांगितले. एक पाण्यात विरघळलेल्या रंगाची, झगझगीत, स्वस्तातली. पण उजेडात टांगलेला फोटो काही वर्षांत फिका पडणार. दुसरी बारीक भुकटीची, अंगानं जरा मवाळ, महाग. "पण काका, ती शंभर वर्षं हलत नाही असं कंपनी म्हणते. पणतवंडं बघतील!" मास्तर नेहमीच्या सवयीनं मान हलवत होते. हा प्रश्न त्यांनी आठवडाभर घोळवला होता आणि काल रात्री जेवताना निकालात काढला होता. शंभर वर्षांची शाई कुणासाठी? आपल्याला आत्ता झळकणारी पाहिजे. जोवर हिचे डोळे आहेत तोवर रंग राहिले की पुरे. रंग आधी जावेत की डोळे, असा तो हिशोब होता आणि तो मांडताना त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला होता. पण निर्णय झाल्याचं एक विचित्र समाधानही वाटलं होतं. आता दुकानदार भुकटीच्या शाईचे गुण गात होता, आणि मास्तरांना कागदावर फक्त बटण दिसत होतं. निळ्यावर पांढरा दोरा, इंग्रजी एक्ससारखा आडवा-तिडवा.

"उद्या फोन करून सांगतो," ते म्हणाले.

"उद्या नक्की हां काका. एकच पीस राहिलाय. आणि हा फोटो घेऊन जा, आमच्याकडून भेट." दुकानदारानं फोटोची सुरळी केली, वर रबर चढवलं आणि ती बायकोच्या दिशेनं पुढे केली. बायकोचा हात उठला नाही. सुरळी तिच्या कोपराशी, हवेत, तशीच. मग मास्तरांनीच ती घेतली.

बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. बायको खिडकीशी बसली आणि पर्समधून काहीतरी काढून वाचायला लागली. औषधाच्या बाटलीतला कागद होता तो, मुंगीएवढ्या अक्षरांचा. ती तो सहज वाचत होती, ओठ हलवत. हेच, हेच तर मास्तरांना कधी उलगडलं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली होती की नजर कमी होत जाणार, ते लांबवता येईल पण गेलेली परत आणता येणार नाही. आणि ही बाई घरी येऊन सुईत दोरा ओवत होती, पहिल्या झटक्यात. मात्र त्याच दुपारी कपाटाचं उघडं दार तिच्या कपाळावर आपटलं. "सुई ओवता येते आणि दार दिसत नाही? दारानं काय पाप केलं?" असं ते तेव्हा हसत म्हणाले होते, आणि तीही कपाळावर बर्फ धरून हसली होती. "दाराला सांगा, सुईएवढं हो म्हणावं." त्या हसण्यात ते विषयच विसरले. माणूस हसलं की विषय संपला, असं त्यांना का वाटायचं कोण जाणे. वर्गात तर तसं नव्हतं. वर्गात जे पोर प्रश्नाला हसून उत्तर द्यायचं, त्याला काहीच कळलेलं नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते मुद्दाम त्याच्यापाशी जाऊन उकिडवे बसायचे, पुन्हा विचारायचे, हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं.

उभ्या जन्मात त्यांनी पोरांना एकच गोष्ट शिकवली, असं म्हटलं तरी चालेल. बघायला शिकवलं. बाकीचे मास्तर सांगायचे, हे दाखवायचे. पाकळ्या-पुंकेसर सांगून कळत नाहीत, म्हणून ते रात्र रात्र जागून तक्ता रंगवायचे. त्यांचं जास्वंदीचं फूल परातीएवढं असायचं, त्यांची मुंगी मांजराएवढी. काळ्या शाईनं मुंगीचे गुडघे काढून झाले की ते तक्ता भिंतीला टांगायचे आणि स्वतः उलट्या पावली चालत वर्गाच्या शेवटच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे जायचे. मागच्या बाकावरच्या पोराला दिसलं पाहिजे. तिथून गुडघा दिसला नाही तर पुन्हा काढायचा, अजून मोठा. पोरांनी त्यांना 'तक्ते मास्तर' नाव ठेवलं होतं. एका वात्रट पोरीनं तर विचारलं होतं, "सर, हत्तीचा तक्ता कुठे टांगणार? शाळेला बाहेरून?" बायको अजूनही चिडवताना ते नाव काढायची. मीठ कमी पडलं म्हटलं की, "तक्ते मास्तर, मिठाचा खडा काढून दाखवा बघू केवढा पाहिजे तो."

म्हणून डॉक्टरिणीच्या खोलीत 'नजर कमी' हे शब्द ऐकल्याबरोबर त्यांच्या मनात उत्तर तयारच होतं. दिसत नाही? मोठं काढू. त्यांनी दुसरं काही ऐकलंच नाही. डॉक्टरिणीनं एक कागद पुढे केला होता, त्यावर गोल होता, गोलाच्या कडेनं सगळं काळं आणि मधे थोडंसं पांढरं. ती काहीतरी समजावत होती. मास्तर त्या वेळी घरातल्या बाहेरच्या खोलीची भिंत मनात मोजत होते. तिथे लेक लावायची, मोठी. नात लावायची, महिन्या-महिन्याची. लेक दूर देशी, वर्ष-दोन वर्षांत एकदा येणार. नात रोज बदलणार. जे बघायचंय ते आत्ता बघून घ्यायला हवं, असं डॉक्टरीण म्हणाली नव्हती, पण तिनं चष्मा काढून पुसला होता, तो कशासाठी?

स्टुडिओतून छापून आणायचं त्यांनी एकदा करून पाहिलं होतं. नातीच्या डाव्या गालावर तीळ आहे, मोहरीएवढा. स्टुडिओवाल्यानं तो डाग समजून पुसून टाकला आणि गालाला गोरेपणाही दिला, न मागता. बायकोनं तो फोटो हातात घेतला, बोटानं गाल चाचपत राहिली, आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "ही कुणाची पोर?" त्या दिवशी मास्तरांनी ठरवलं, यंत्र घरात आणायचं. आपल्या पोरीचा तीळ आपण छापू. मग संध्याकाळच्या संध्याकाळ त्यात गेल्या. प्रिंटर तेरा इंची घ्यावा की सतरा? चोवीस इंचीला स्वतंत्र स्टँड लागतो, म्हणजे पलंग बाहेर काढावा लागेल. शाईच्या टाकीवाला घ्यावा की डबीवाला? डबीचं यंत्र स्वस्त असतं पण त्याची शाई खिसा कापते, म्हणून टाकीवाला बरा. आठवड्यातून एक तरी पान छापलं नाही तर शाई सुकून तिच्या नळ्यांची तोंडं बुजतात. "म्हणजे याला रोज खाऊ घालायचं," बायको म्हणाली होती, "गाय घ्या त्यापेक्षा." फोनवर लेक म्हणाली, "बाबा, फोटो लावताय की छापखाना काढताय?" आणि बायको पलीकडून, "बोलू दे गं त्यांना. बऱ्याच दिवसांनी बोलतायत." मास्तर बोलत होते. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते, हिला त्रास होईल, म्हणून विनाचमक कागद. तेल दिलेल्या कुलपासारखं त्यांचं डोकं सुरेख फिरत होतं. ती ऐकत होती, मान डोलवत होती. आता बसच्या धक्क्याधक्क्याला त्यांना ते डोलणं आठवत होतं, आणि त्या डोलण्यातलं, वर्गातल्या हसणाऱ्या पोराचं उत्तर.

मांडीवर सुरळी होती. ती त्यांनी नकळत डोळ्याला लावली. पोरं नेहमी करायची तसं. वहीचा कागद गुंडाळून दुर्बीण. चित्रकलेच्या तासाला कागद वाटले की पाच मिनिटांत निम्मा वर्ग खलाशी व्हायचा आणि त्यांना ओरडायचाही धीर व्हायचा नाही, कारण एकदा त्यांनी स्वतःच त्यातून धडा शिकवला होता. नळीतून मला बघा, काय दिसतं? "नाक!" "कान!" "सर, तुमच्या खिशाचं पेन!" मग ते मागे मागे गेले होते, दारातून बाहेर, मैदानात, आणि वर्ग ओरडला होता, "आता सगळे दिसलात!" पोरं खिडक्यांशी गोळा झाली होती आणि त्यांनी मैदानातून हात हलवला होता. हे सगळं त्यांना येत होतं. त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांनी नळी बायकोकडे वळवली. एक कान दिसला. कानातली कुडी. कुडीच्या मागे फिरकी, आणि तिच्या भोवती बाजूचा पांढरा केस. त्यांनी नळी हलवली तशी एक भुवई आली आणि कान गेला. गाल आला तर भुवई गेली. चेहरा कुठेच नव्हता. बायकोचा इतक्या वर्षांचा चेहरा तुकड्या-तुकड्यांनी नळीपुढून सरकत होता आणि जोडून घेण्याआधी आधीचा तुकडा निसटत होता. भोवती सगळं काळं, डॉक्टरिणीच्या कागदावरच्या गोलासारखं. त्यांनी नळी खाली घेतली. पलीकडच्या बाकावरची बाई त्यांच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होती. म्हातारा खेळतोय.

बायकोनं औषधाचा कागद घडी घालून ठेवला. "काय करताय?"

"काही नाही," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी चहा केला. तिचा कप नेहमीसारखा तिच्या पुढ्यात न ठेवता हातात दिला. मग सुरळीचं रबर काढलं, फोटो टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली. मास्तर माणूस, प्रश्न विचारण्यात जन्म गेलेला. ते तिच्या खुर्चीशी उकिडवे बसले. गुडघे कटकन वाजले.

"अगं," ते हळू म्हणाले, "यात आपली चिमणी कुठे आहे, दाखव."

चिमणी म्हणजे नात. बायकोनं बोट पुढे केलं. बोट कोटावर फिरलं, निळ्यातून वर चढलं, लेकीच्या केसात गेलं, तळ्याच्या पाण्यात गेलं आणि परत फिरलं. मग ते एका गुलाबी जागी थांबलं. "हा... हिरडी आहे का? हो, दात. चिमणीचा दात आहे हा." ती थांबली. बोट तिथेच ठेवून ती म्हणाली, "मग वर नाक असेल."

"असेल नाही. आहे."

"आहे," ती म्हणाली. "कळलं तर तुम्हाला."

"मला आधी का सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? डॉक्टरीण तुमच्यासमोरच सांगत होती की. तुम्ही भिंतीकडे बघत होतात." तिनं चहाचा घोट घेतला. "मला वाटलं, कळलंय आणि तरी करताय. मग वाटलं, कळलेलं नाही. मग म्हटलं, राहू दे. रोज संध्याकाळी वर्गात बोलायचात तसं बोलत होतात. निवृत्त झाल्यापासून तुमचा तो आवाज मी ऐकला नव्हता. दिसण्याचं काय, ऐकायला बरं वाटत होतं."

"अगं, पण यंत्र घेतलं असतं मी!"

"घेतलं असतंत तर भिंतीवर लागली असती सगळी. मी रोज एकेक बटण बघितलं असतं." ती हसली, आणि या वेळी मास्तरांनी विषय संपू दिला नाही. ते तसेच उकिडवे बसून राहिले. थोड्या वेळानं हसू तिच्या तोंडावरून आपोआप उतरलं आणि खालचं जे होतं ते दिसलं. "लहान असलं ना, की मावतं," ती म्हणाली. "पत्त्याच्या पानाएवढं. तेवढ्यात दोघी मावतात. पण तुम्ही इतक्या उत्साहानं सतरा-सतरा करत होतात. मी पत्त्याचं पान कुठे मधे आणू?"

फोन वाजला. दुकानदार होता. "काका, आत्ताच दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं हो, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. ठेवू का बाजूला?"

"नको," मास्तर म्हणाले. "लहान छापणारं काही आहे का? पत्त्याच्या पानाएवढं?"

"लहान?" दुकानदार हसला. "अहो काका, लहान तर कुठलंही छापतं. त्याला दुकानात कशाला यायला पाहिजे?" मग त्याला काही वाटलं असावं. "काकूंना मोठा आवडला नाही का? बटण तर..."

"आवडलं," मास्तर म्हणाले. "बटण फार छान आलं होतं." आणि फोन ठेवला.

मग त्यांनी बायकोची खुर्ची पॅसेजकडे वळवली, पुस्तकं बाजूला केली आणि फोटो दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला, तक्ता धरायचे तसा. ते उलट्या पावली निघाले. पाठीमागे न बघता चालण्याची सवय पायांना अजून होती. न्हाणीघराचं दार मागे पडलं, कपड्यांचं कपाट मागे पडलं.

"काय दिसतं?"

"कोट."

अजून मागे. "आता?"

"कोट नि... थांबा. चिमणीचा हात. किती गुबगुबीत झालाय हो!" अजून मागे. पॅसेज संपला, बाहेरच्या खोलीचा उंबरा पायाला लागला. ज्या भिंतीवर सगळं टांगायचं ठरलं होतं तिच्या बाजूनं ते गेले. "आता, आता दिसल्या," खुर्चीतून आवाज आला. तो आवाज चढला होता, मागच्या बाकावरच्या पोरासारखा. "दोघी दिसल्या! ती हसतेय. अगं बाई, आईवरच गेलीय ही, तोंडाचा आ तसाच!" मग म्हणाली, "तीळ नाही दिसत इतक्या लांबून."

"आहे तो," मास्तर म्हणाले. "आहे डाव्या गालावर."

"ठाऊक आहे मला." ती म्हणाली. "अहो, फोटो ठेवा खाली. दार उघडा बाहेरचं."

"कशाला?"

"उघडा तर."

त्यांनी फोटो भिंतीला टेकवला, मागे हात नेऊन कडी काढली, दार उघडलं आणि ते बाहेर गेले, जिन्यापाशी. शेजारच्यांच्या चपला तिथे पडल्या होत्या, त्या त्यांनी पायानं बाजूला सारल्या. वरच्या मजल्यावरून कुणीतरी उतरत होतं, ते त्यांच्याकडे बघत, अंग चोरून निघून गेलं. वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखे मास्तर हात बाजूला सोडून ताठ उभे होते. दार, खोली, उंबरा, पॅसेज, आणि पार टोकाला खुर्ची. जवळचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता आणि लांबचा आत टेबलावर राहिला होता. तिथून त्यांना खुर्चीवर एक पुसट आकार तेवढा दिसत होता; ती हसतेय की काय करतेय, ते कळत नव्हतं.

"पाय दिसले," ती आतून म्हणाली. "डोकंही दिसतंय. सगळे दिसलात. सदऱ्याचं वरचं बटण लावलं नाहीत तुम्ही. आणि किती वाळलात हो. कुणी सांगितलंच नाही मला."

मास्तरांनी बटण लावलं. काज सापडायला वेळ लागला. त्यांना आत जावंसं वाटत होतं, तिच्या खुर्चीशी, हाताला हात लागेल इतकं जवळ. आणि आपण एकेक पाऊल पुढे टाकू तसे आपले पाय जातील, मग खांदे, मग हनुवटी, हेही कळत होतं. जवळ पोचेपर्यंत एखादं बटण उरेल.

"येऊ का आता?" त्यांनी विचारलं.

"थांबा ना," ती म्हणाली. "अजून बघतेय."